वारा पडलेल्या दिवशी दिलेलं नाव

लिंडसे थर्कलने लग्नाच्या नोंदवहीत सही करायच्या आधी सगळं पान वाचून काढलं होतं, तेही खालून वर. पाद्रीबाबा ताटकळले, पाहुणे घड्याळं बघू लागले आणि नोएलीन डोक्यावरचा जाळीदार पदर सावरत उभी राहिली. हा पळ काढायचा रस्ता शोधतोय की काय, असं तिच्या आईला वाटलं. त्याने वाचून संपवलं, गावाच्या नावातलं एक चुकलेलं अक्षर पाद्रीबाबांकडून दुरुस्त करून घेतलं आणि मग कुठे सही ठोकली. नोएलीन ही गोष्ट आजही सांगते. आधी हसते, मग नवऱ्याकडे बघते आणि पुन्हा हसते.

खालून वर वाचायची त्याची सवय उगाच नव्हती. तो म्हणायचा, माणूस सुरुवात मन लावून करतो आणि शेवट उरकतो. चूक बसते ती उरकण्यात. म्हणून शेवटाकडून शिरावं, म्हणजे ती बेसावध सापडते.

होबार्टात, नदीच्या पूर्वेला, बेलरीव्हच्या उतारावर त्याचं घर. शेजाऱ्यांना तो एवढाच माहीत होता की वडिलांच्या हातची ह्यूऑन पाईनच्या लाकडाची होडी घासूनपुसून ठेवतो, आणि बेकरीत स्कॅलप नावाच्या शिंपल्याची पाई घेतली की झाकण उचलून आत स्कॅलप किती आणि नुसता रस्सा किती ते बघतो. बेकरीवालीला तो लांबून येताना दिसला की ती म्हणे, "आले तपासनीस." पण पृथ्वीच्या पाठीवर काही शे माणसं अशी होती, की त्यांना होबार्ट कुठे आहे ते ठाऊक नव्हतं आणि लिंडसे थर्कल मात्र पक्का ठाऊक होता.

ही माणसं संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्यावर काम करणारी. तो गाभा कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं त्याला ठिगळं लावत असतात; त्याला ती पॅच म्हणतात, पण शेवटी ठिगळच ते. एकाने ठिगळ शिवायचं, सगळ्यांसमोर मांडायचं, दुसऱ्या जाणत्याने ते उलटसुलट करून बघायचं आणि पटलं तर खाली स्वतःचं नाव लिहायचं: 'तपासलं'. नाव एकदा लागलं आणि ठिगळ गाभ्यात गेलं, की ते नाव तिथून कुणालाच पुसता येत नाही. शंभर वर्षांनी कुणी उघडून बघेल तेव्हाही ते तिथेच असणार.

लिंडसेचं नाव मिळवणं म्हणजे दिव्य. पोलंडातल्या एका गृहस्थाचं काम त्याने इतक्या वेळा परत पाठवलं, की त्या गृहस्थाने आपल्या कुत्र्याचं नाव लिंडसे ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाला, हे कशावरही भुंकतं. लिंडसेने ही गोष्ट स्वतः चार लोकांत सांगितली आणि कुत्र्याचा फोटो मागवून फ्रिजच्या दारावर लावला.

त्याचा मुलूख म्हणजे एक पहारेकरी. संगणकाची मेमरी ही एखादी धर्मशाळा समजा. बाहेरून येणारी यंत्रं, कुणी नेटवर्कच्या जाळ्याचं कार्ड, कुणी डिस्क, कुणी कॅमेरा, तिथे आपलं सामान आणून टाकतात. कुणी कुठल्या खोलीत जायचं हे दारावरचा पहारेकरी सांगतो. तो माणूस नव्हे, तोही एक यंत्राचाच भाग. आता हा पहारेकरी दरवेळी वही उघडत बसत नाही, चार नावं तोंडपाठ ठेवतो. म्हणून कुणाची खोली काढून घेतली तर वहीत काट मारून भागत नाही. त्याला सांगावं लागतं, "अमक्याला विसर." आणि मग थांबावं लागतं, तो "विसरलो" म्हणेपर्यंत. तेवढं न थांबता खोली दुसऱ्याला दिलीत, तर जुना पाहुणा नव्याच्या अंथरुणावर आपलं बोचकं टाकून मोकळा.

या पहारेकऱ्याशी बोलणारा जो कोड, त्याच्या तपासणीत लिंडसेची उमर गेली. जोडीला डनेडिनचा यूअन कारमोडी. दोघं वर्षातून एकदा संमेलनात भेटत, बाकी वर्ष फोनवर एकमेकांची उणीदुणी काढत. लिंडसेच्या तोंडची 'मी कधी घाईत वाचत नाही' हा यूअनच्या थट्टेचा आवडता विषय. जेवायला बसल्यावर लिंडसेने हॉटेलातलं पदार्थांचं कार्ड हातात घेतलं, की यूअन वाढणाऱ्या पोरीला सांगे, "बाई, तू बाकीच्या टेबलांवर जाऊन ये."

तर अशा माणसाच्या हातून ते झालं.

लुपे हाविली नावाची एक मुलगी. घरची माणसं टोंगा बेटांवरची, वाढली ऑकलंडात. जाळ्याची कार्डं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत कामाला. तिने एक मोठं ठिगळ शिवलं. प्रत्येक खोलीसाठी पहारेकऱ्याला वेगळं हटकायचं आणि दरवेळी थांबायचं यात वेळ जातो, त्यापेक्षा रिकाम्या झालेल्या खोल्या गोळा कराव्यात आणि एकदाच सांगावं, "या सगळ्या विसर." कल्पना झकास होती आणि सगळ्यांना हवीच होती. लिंडसेने तिला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी सगळ्यांच्या देखत लिहिलं, "घाईत लिहिलेलं घाईतच वाचावं लागतं, आणि मी घाईत वाचत नाही." लुपेने आभार मानले आणि पुन्हा बसली.

चौथी आवृत्ती आली ती फेब्रुवारीत. त्या दिवशी होबार्टात वारा नव्हता.

होबार्टात वारा नसणं म्हणजे काय, ते होडीला वॉर्निश लावणाऱ्याला विचारावं. आख्खा उन्हाळा माणूस ब्रश धुऊन तयार बसतो आणि रोज दुपारी समुद्रावरून वारा सुटून धूळ, किडे, शेजाऱ्याच्या गवताची कुसळं ओल्या वॉर्निशवर आणून चिकटवतो. त्या सकाळी डरवेंट नदी आरशासारखी पडली होती. लिंडसे पहाटेच होडीशी गेला. पहिला हात मारून होतोय तोच यूअनचा फोन.

"लुपेची चौथी आलीय. बघतोयस ना?"

"बघतोय," लिंडसे म्हणाला. फोन खांद्यात, ब्रश हातात, नजर होडीच्या कडेवरून ओघळू पाहणाऱ्या थेंबावर.

दुपारी चहाला आत आला. पहिला हात वाळला होता, दुसरा वारा सुटायच्या आत द्यायचा होता. सहज संगणक उघडला तर लुपेच्या ठिगळाखाली यूअनचं नाव लागलेलं. यूअनने पाहिलंय म्हणजे पाहिलंय, असं त्याच्या मनात आलं. तीनदा तर आपणही वाचलंय, चौथ्यात असं काय बदललं असणार? वॉर्निशचा वास येणाऱ्या बोटांनी त्याने खाली आपलं नाव लिहिलं आणि बाहेर पडला. दुसरा हात असा बसला, की संध्याकाळी शेजारीपाजारी बघायला आले.

वर्ष गेलं. नवा गाभा जिकडेतिकडे पोचला आणि दक्षिणेच्या बर्फाकडे जाणाऱ्या एका जहाजावरही चढला. त्या जहाजावर लिंडसेच्या बहिणीची मुलगी होती, ब्रिजिड. आवाज खाली सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून समुद्राच्या तळाचा नकाशा करायचा, हे तिचं काम. यंदा बर्फाचा एक अजस्र तुकडा सुटून वाहत गेला होता आणि त्याच्या मागचं, कधीच कुणी न पाहिलेलं पाणी मोकळं झालं होतं. जहाजावर जागा मिळावी म्हणून ब्रिजिड कित्येक उन्हाळे अर्ज करत होती. यंदा मिळाली.

थंडीच्या तोंडाला जहाज परतलं आणि पहिल्या रविवारी ब्रिजिड मामाकडे जेवायला आली. नोएलीनने मेंढीचं मटण भाजलं होतं, पुदिन्याची चटणी केली होती. ब्रिजिड सांगत होती आणि सगळी हसत होती. नकाशात एका दरीच्या ऐन मध्यावर आकडे विचित्र दिसू लागले म्हणून तिने उलगडून पाहिलं, तर आत काय निघावं? हवामानखात्याचं पत्रक. पुढे गेली तर जहाजावरच्या आचाऱ्याला त्याच्या आईने धाडलेली भोपळ्याच्या सुपाची कृती, तीही अर्धीच. "समुद्राच्या तळाशी जायफळ किसून घाला, असं लिहिलंय मामा," ती म्हणाली, आणि नोएलीनला ठसका लागला.

मग ब्रिजिड म्हणाली, की असं एकाच ठिकाणी नाही, जागोजाग झालंय. कुठला आकडा खरा आणि कुठला बिघडलेला ते आता सांगता येत नाही, म्हणून सगळंच टाकून द्यायचं ठरलंय. पुन्हा जाऊन मोजायचं म्हणावं तर बर्फ परत सरकून वाट बंद झालीय. हे सांगताना ती हसत नव्हती. बटाट्याचा तुकडा ताटात इकडून तिकडे ढकलत होती.

लिंडसेने विचारलं, "जहाजाचं बाहेरच्या जगाशी जोडलेलं कार्ड कायम चालू असतं का गं?"

"नाही मामा. उपग्रह डोक्यावर असेल तेवढं. बाकी वेळ झोपवून ठेवतात."

"आणि गाभा नवा?"

"निघायच्या आधीच घातला. का रे?"

"काही नाही," लिंडसे म्हणाला. त्याने काटा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. जिने कधी नवऱ्याच्या ताटात मटण उरलेलं पाहिलं नव्हतं, ती नोएलीन त्याच्याकडे बघत राहिली.

सकाळी त्याने लुपेचं चौथं ठिगळ कागदावर छापून घेतलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं, लाकडी पट्टी ठेवली आणि शेवटच्या ओळीपासून वर सरकू लागला. फार वर जावंच लागलं नाही. यंत्र झोपी जात असताना त्याच्या खोल्या काढून घेतल्या, तर तिथे पहारेकऱ्याला "विसर" म्हटलेलं होतं, पण थांबणं नव्हतं. झोपलेलं यंत्र कुठे सामान टाकणार आहे, असा हिशेब. पण झोपेच्या गडबडीत तो निरोप अर्धवटच राही, आणि यंत्र जागं झालं की पहारेकऱ्याच्या डोक्यात जुनी नावं तशीच. मग हवामानाचं पत्रक जुन्या खोलीत जाऊन पडणार. आणि त्या खोलीत आता ब्रिजिडचा समुद्र राहत होता.

पट्टी सरकवत तो अगदी वर पोचला. तिथे लुपेने ठिगळासोबत चार शब्द लिहिले होते. खालून वाचणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी दिसतात. तिने लिहिलं होतं: 'यंत्र झोपताना मी थांबत नाही. ते बरोबर आहे का, याची मला खात्री नाही. माझ्याकडे तसं झोपणारं यंत्र नाही. लिंडसे किंवा यूअन, कृपया ही एवढी जागा मुद्दाम बघाल का?'

लिंडसेचे कान तापले. म्हातारपणी कान तापायची वेळ यावी, याहून वाईट काय? पोरीने बोट ठेवून दाखवलं होतं. चूक शोधायचीही गरज नव्हती, फक्त विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं. उत्तर म्हणून तिला दोन नावं मिळाली.

त्याने यूअनला फोन लावला.

"लुपेची चौथी तू वाचली होतीस ना?"

यूअन म्हणाला, "तू बघतोय म्हणालास."

"मी होडी बघत होतो."

"आणि मी त्या दिवशी मुलीचं सामान हलवत होतो. म्हटलं, लिंडसे बसलाय ना डोळ्यांत तेल घालून."

"मी तुझं नाव पाहिलं, यूअन."

"मी तुझा शब्द ऐकला, बाबा."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं म्हणतात. इथे दोन आंधळे दळायला बसले होते, आणि समोरचा डोळस आहे अशी प्रत्येकाची खात्री.

लिंडसे त्याच दिवशी बोलला असता तर गोष्ट वेगळी. पण तो म्हणाला, आधी दुरुस्ती तयार करू, मग लिहू. दुरुस्ती हे निमित्त. खरं म्हणजे जीभ उचलत नव्हती. आणि त्याच संध्याकाळी हॅम्बुर्गच्या एका जाणत्याने हीच चूक आपल्या यंत्रांवर पकडली आणि सगळ्यांसमोर मांडली. ठिगळ कुणाचं? लुपे हाविलीचं. मग काय, एकेक जण पुढे आला. नवख्या माणसांनी गाभ्याच्या या भागात हात घालू नये, असं एकाने लिहिलं. वेगाच्या हव्यासापोटी साधं थांबायचंही कळत नाही, असं दुसऱ्याने. लिंडसे वाचत राहिला. प्रत्येक शब्द त्याच्या घराचा पत्ता विचारत आला होता आणि चुकून शेजारच्या दारात जाऊन पडत होता.

दुसऱ्या दिवशी लुपेचं उत्तर आलं. तिने माफी मागितली. लिहिलं, की दोन अनुभवी माणसांनी आपला वेळ दिला होता, पण मी दाखवलं तेवढंच त्यांना दिसणार. दोष माझा आहे. यापुढे मी या भागात काम करणार नाही. आपण प्रश्न विचारला होता, हे तिने लिहिलं नाही. वडीलधाऱ्यांना चारचौघांत उघडं पाडायचं नाही, असं तिच्या घरचं वळण.

यूअनचा फोन आला. आवाज पडलेला. तो म्हणाला, "मलाही लाज वाटतेय. पण विचार कर. आपली नावं गाभ्यात कुठेकुठे आहेत. एक पोकळ निघालं तर लोक सगळी ठोकून बघतील."

लिंडसेने फोन ठेवला. त्याचीही भीती तीच होती. आयुष्यभराची कमाई काय, तर त्या खाली लिहिलेल्या नावाला असलेलं वजन. तेच गेलं तर बेलरीव्हच्या उतारावर उरणार कोण? पाईचं झाकण उचलणारा एक म्हातारा.

नोएलीन भांडी पुसत होती. तिला सगळं आधीच सांगून झालं होतं. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "लग्नाचं पान खालून वर वाचलंस. माझे पाय भरून आले, पण मी उभी राहिले. आणि त्या पोरीचं वाचलं नाहीस."

लिंडसे उठला आणि लिहायला बसला. फार लिहिलं नाही. लुपेने नेमकी हीच जागा बघायला सांगितली होती. मी चौथी आवृत्ती उघडलीही नाही. दुसऱ्याचं नाव पाहून आपलं लावलं. त्या दिवशी मी होडीला वॉर्निश लावत होतो. काल सकाळपासून मला हे ठाऊक आहे आणि मी गप्प राहिलो. माझ्या इतर नावांवर कुणाला शंका आली तर त्याने खुशाल पुन्हा वाचून बघावं. दोष लुपेचा नाही. काही वेळाने खाली यूअननेही लिहिलं: मीही वाचलं नव्हतं.

आता शिव्या पडतील म्हणून लिंडसे तयारीत बसला. पडलं ते कौतुक. एवढ्या मोठ्या माणसाने असं कबूल करावं, वा. असा प्रामाणिकपणा हल्ली कुठे दिसतो. ज्याने लुपेला नवखी म्हटलं होतं, त्यानेही लिंडसेला शाबासकी दिली, लुपेला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. पोलंडच्या गृहस्थाने लिहिलं, कुत्र्याचं नाव मी बदलणार नाही, उलट आता अभिमानाने हाक मारतो. एरवी लिंडसे खदखदून हसला असता. पण चूक केली त्याला हार आणि विचारून केलं तिला दोन दिवस जोडे, हा न्याय त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने फ्रिजवरचा फोटो काढून खणात टाकला.

या सगळ्या फुलांच्या वर्षावात लुपेची एकच ओळ आली. "माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. यंत्र झोपताना थांबायला हवं की नको?"

लिंडसेने ती ओळ कितीदा वाचली कुणास ठाऊक. मग त्याने उत्तर लिहिलं. थांबायला हवं, का हवं, पहारेकरी झोपेतही काय काय लक्षात ठेवतो, कुठल्या यंत्रात कसा वागतो, सगळं तपशीलवार. वर्षापूर्वी जे द्यायचं होतं ते. सोबत दुरुस्तीचं ठिगळ स्वतः शिवलं आणि लिहिलं, की लुपेने तपासून नाव दिल्याशिवाय हे पुढे जाऊ नये. लुपे वाचायला बसली. तिने एका जागी बोट ठेवलं: यंत्र अर्धवट झोपून मध्येच जागं झालं तर? लिंडसेने पाहिलं. तिचं बरोबर होतं. त्याने दुरुस्त केलं, पुन्हा पाठवलं आणि वाट बघत बसला. तिने आरामात वेळ घेतला आणि मग नाव दिलं. ती त्या भागात पुन्हा आली ते तेवढ्यापुरतंच. पुढची ठिगळं तिने दुसरीकडे शिवली, आणि ती लिंडसेकडे कधी तपासायला आली नाहीत.

जुन्या ठिगळाखालचं त्याचं नाव आहे तिथेच आहे.

ब्रिजिडला सांगायचं राहिलं होतं. फोनवर सांगता आलं असतं. नोएलीन म्हणाली, फोनवर नको. ब्रिजिड आली ती नेहमीसारखी मागच्या दाराने, बूट उंबऱ्यावर काढून. लिंडसेने चहा केला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, खालून वर: आधी तिचा समुद्र, मग यंत्राची झोप, मग नाव, मग यूअनचा फोन.

ब्रिजिडने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा तू आजारी होतास का मामा?"

"नाही."

"घरात काही अडचण?"

"नाही गं. वारा पडला होता."

ती होबार्टची मुलगी. तिला पुढे समजावून सांगावं लागलं नाही. कप ठेवून ती अनवाणीच बाहेर गेली. होडी घराखाली ठोकळ्यांवर ठेवलेली होती. तिने वरचं कापड बाजूला केलं, वाकून कडेवरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. लिंडसे दारात उभा होता. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"छान बसलंय," ब्रिजिड म्हणाली. "एक बुडबुडा नाही."